विहिणीसाठी ठेवलेली साडी

मी पस्तीस वर्षं शाळेत नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. या अकरा वर्षांत मी मनापासून केलेलं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर आहे, नोटिसा लिहिणं. नळ बंद करावा, भिंतीवर पाय लावू नये, शिक्षकांनी पहिल्या घंटेला हजर असावं. माझ्या नोटिसा कुणी पाळत होतं की नाही, ते सोडा, पण त्यांत शुद्धलेखनाची चूक कुणी काढू शकलं नाही.

निवृत्त झालो तरी हात शिवशिवतच होते. आईला हृदयाचा झटका येऊन गेला आणि नऊ दिवसांनी आम्ही तिला वर्ध्याच्या दवाखान्यातून समुद्रपूरला घरी आणलं. त्याच संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. डॉक्टरांनी निघताना सांगितलेलं सगळं मी डायरीत उतरवून घेतलं होतं. गोळ्या वेळेवर द्यायच्या, मीठ कमी, घरातल्या घरात रोज चालवायचं. यावर त्यांनी दोनदा जोर दिला होता. या वयात माणूस खाटेला खिळलं की पुन्हा उठणं कठीण, म्हणाले. आणि शेवटी, टेन्शन देऊ नका, आनंदात ठेवा.

गोळ्या आणि मीठ सोपं होतं. 'आनंदात ठेवा' याचं काय करायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते मी ठरवलं. आईशी सर्वांनी हळू आणि गोड बोलावं. तिची थट्टा करू नये. तिच्याशी वाद घालू नये, ती म्हणेल ते मान्य करावं. आजार आणि मरण हे विषय तिच्यासमोर काढू नयेत. पाहुण्यांनाही हे आधीच सांगावं. कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला. आईला वाचता येत नाही, त्यामुळे लपवायची गरज नव्हती.

बायकोनं तो वाचला आणि म्हणाली, "अन् हे जमन काय आपल्या घरात?"

"जमवावं लागेल," मी म्हणालो. मी ताणाखाली असलो की पुस्तकी मराठी बोलतो, हे तिला ठाऊक आहे. 

तिच्या शंकेला कारण होतं. आमची आई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई, पण बसलेल्या माशीचीही ती आधी टर उडवणार आणि मग तिला हाकलणार. तरुणपणी तिनं उन्हातान्हात दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला. त्या बायांच्या रांगेत दिवसभर जे बोलणं चालायचं, तेच तिचं शिक्षण. भाजीवाल्याच्या वांग्यांपासून माझ्या डोक्यावरच्या केसांपर्यंत तिच्या तावडीतून काही सुटलेलं नाही. आणि या सगळ्यात तिची खरी जोडीदारीण म्हणजे तिची विहीण, माझी सासू.

सासूबाई जामला राहतात. राहायच्या. माझ्या मेहुण्याचं तिथं हायवेच्या चौफुलीजवळ चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे, आणि सासूबाईंची जीभ ट्रकवाल्यांशी बोलून बोलून चांगलीच धारदार झाली होती. आमच्याकडे लग्नात विहिणींनी एकमेकींची उणीदुणी काढायची रीत आहे. एकीनं दुसरीच्या भाजीला नावं ठेवायची, दुसरीनं तिच्या वऱ्हाडाला. मांडव उठला की ते संपतं. या दोघींचं संपलंच नाही. चौतीस वर्षं चाललं. आईचं म्हणणं, लग्नातली वांग्याची भाजी कच्ची होती. सासूबाईंचं म्हणणं, नवरदेव लंगडा होता. मी लंगडा नव्हतो. वरातीत नवा बूट चावला होता आणि टाचेला फोड आला होता, एवढंच. पण तेव्हापासून सासूबाई जेव्हा जेव्हा भेटल्या तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "जवाईबापू, पाय बरा हाय काय?" मुख्याध्यापक झालो त्या दिवशी पेढे घेऊन गेलो, तेव्हाही हेच. मी दर वेळी चिडलो. चिडायचं नाही असं ठरवूनही चिडलो.

आता साडीचं सांगतो. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका म्हातारीच्या पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे गेलो होतो. आमच्यात माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी हा कार्यक्रम करतात. भन्तेजी येतात, वंदना होते, बाया पांढरी साडी नेसतात. आईची साडी ट्रंकेतून काढलेली, चुरगळलेली होती. सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भरल्या माणसांत म्हणाल्या, "इहीनबाई, माह्या वेळी असं बोचकं होऊन येऊ नका. लोक हसतीन मले."

"तुमच्यासाठी नवी घेतो," आई म्हणाली. "इस्त्री करून ठेवतो. तुम्ही फक्त तारीख सांगा."

पुढच्याच आठवड्यात दोघी मिळून हिंगणघाटच्या बाजारात गेल्या आणि एकाच दुकानातून, एकमेकींच्या पसंतीनं, दोन पांढऱ्या साड्या घेऊन आल्या. बारीक निळ्या काठाच्या. दोघींनी त्या इस्त्री करून आपापल्या ट्रंकेत ठेवल्या. एकीची दुसरीसाठी. विहारात पौर्णिमेला जाताना दुसरी पांढरी साडी, ही नाही. मग भेट झाली की हेच चालायचं.

"हाय का अजून? मी तं साडी काढून ठेवली होती."

"राहू द्या, अजून घडी मोडू नका. आधी तुमचा नंबर हाय."

आणि मग दोघी हसायच्या. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला ते मुळीच आवडत नसे. मरणाची अशी चेष्टा करणं मला असभ्य वाटायचं. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची.

म्हणून नोटिशीतला मरणाचा नियम मी प्रामुख्यानं सासूबाईंसाठी लिहिला होता, आणि त्यांना फोन करून वाचूनही दाखवला. "मामी, ते साडीचं अजिबात काढायचं नाही. थट्टा नाही. तिच्या मनाला लागलं आणि काही झालं तर?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं."

पहिले आठ दिवस घरात कमालीची शांतता होती. मी समाधानी होतो. आई म्हणाली वरण अळणी आहे, आम्ही म्हणालो, हो आई, अळणी आहे. ती म्हणाली पंखा आवाज करतो, मी पंखा बंद केला. तिनं माझ्या टकलावर काहीतरी टाकून पाहिलं, मी हात जोडून स्मित केलं. ती माझ्याकडं पाहत राहिली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

आनंदाचं कलमही मी वाऱ्यावर सोडलं नव्हतं. आमच्या शाळेच्या मैदानावर सकाळी आम्ही काही निवृत्त मंडळी जमतो, थोडं फिरतो आणि शेवटी हात वर करून हास्याचा व्यायाम करतो. हो-हो, हा-हा. मला त्याचा फायदा झालेला आहे, पोट साफ राहतं. तर हा व्यायाम मी सकाळी सात वाजता आईच्या खाटेसमोर उभा राहून करून दाखवला. तिनंही करावा म्हणून.

आई उशीवरून मान न उचलता म्हणाली, "बाबू, तुले काई झालं काय?"

"हसण्यानं रक्ताभिसरण सुधारतं."

"कायच्यावर हसून राह्यला?"

मी व्यायाम थांबवला.

चालणं सुरुवातीला दोन खोल्यांपर्यंत होतं, ते खाटेपासून दारापर्यंत आलं, मग खाटेच्या कडेवर बसण्यापर्यंत. भाकरी अर्धी, मग चतकोर. मी ते सगळं डायरीत लिहीत होतो. गोळी एकही चुकली नव्हती. वर्ध्याला फोन केला तर डॉक्टरांनी बीपी विचारलं, नाडी विचारली. सगळं ठीक होतं. म्हणाले, "चालवा त्यांना. मन लागत नाही का त्यांचं?" मी म्हणालो, मन तर आम्ही अगदी जपतो आहोत.

तिसऱ्या आठवड्यात सासूबाई बसनं आल्या. मी स्टँडवर घ्यायला गेलो. वाटेत पुन्हा एकदा नियम सांगितले. त्या मान हलवत होत्या. त्यांनी माझ्या पायाचं विचारलं नाही. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, बाईंनी मनावर घेतलं.

त्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसल्या. हातात संत्र्यांची पिशवी. आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "ताई, तब्येत कशी हाय?"

ताई! चौतीस वर्षांत त्या आईला कधी ताई म्हणाल्या नव्हत्या. आईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग माझ्याकडं, मग माझ्या बायकोकडं. म्हणाली, "बरी हाय." सासूबाई म्हणाल्या, "आराम करजा." संत्री ठेवली, अर्धा तास बसल्या, चहा घेतला आणि गेल्या. मी मनात म्हणालो, आदर्श भेट झाली.

त्या संध्याकाळी आईनं सुनेला ट्रंक ओढून आणायला सांगितली. कानातलं काढून तिच्या हातावर ठेवलं. गोधडी कुणाची, पितळेची परात कुणाची, ते सांगितलं. मग पांढरी साडी काढली, निळ्या काठाची, घडी न मोडलेली. म्हणाली, "हे माह्या अंगावर टाकजा. आता कोनासाठी ठेवू?"

"आई, तुम्ही बऱ्या होऊन राह्यल्या," बायको म्हणाली.

"लपवू नको. इहीन मले ताई म्हनून गेली. घरातले सगळे गोड बोलून राह्यले. तुमाले डाक्टरनं काई तरी सांगितलं हाय, अन् मलेच कोनी सांगत नाई." तिचा आवाज चढला नव्हता. एखादी बातमी सांगावी तसं ती बोलत होती. मग ती निजली आणि रात्रीचं जेवण नको म्हणाली. सकाळीही नको म्हणाली.

बायकोनं फ्रिजवरचा कागद फाडला. इतक्या वर्षांत तिनं माझी नोटीस फाडली नव्हती. "तुमच्या आईले झटक्यानं काई झालं नाई," ती म्हणाली, "पन या कागदानं होते. सगळं घर मयतीच्या घरासारखं करून टाकलं तुम्ही. जा, माह्या मायले घेऊन या. अन् यावेळी तिले काई शिकवू नका."

मला ते एका क्षणात कळलं. वीस दिवस मी आईला रोज सकाळ-संध्याकाळ सांगत होतो की तू मरते आहेस. शब्द न वापरता, गोड बोलून.

जामला जाणारी दुपारची बस पकडली. हॉटेलात गर्दी होती. सासूबाई मागच्या बाजूला बाजेवर बसून मिरच्यांचे देठ काढत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि हात जोडून म्हणालो, "मामी, तुम्ही कृपया घरी चला आणि आईचा अपमान करा."

आता हे लिहिताना मला त्याची गंमत वाटते. तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो.

मला वाटलं त्या लगेच उठतील. त्या उठल्या नाहीत. देठ काढतच म्हणाल्या, "तुमच्या फोनमुळं मी गप नाई राह्यली, जवाईबापू. तुमचं आईकते कोन? मले भेव वाटला. दारातून पाह्यलं, तं एवढीशी झाली होती इहीन. खाटेवर चादर टाकल्यासारखी. तोंडापर्यंत आलं होतं माह्या साडीचं. म्हटलं, मी बोलली अन् खरंच तसं झालं तं? जे दूर असते त्याच्यावर हसता येते. जवळ आलं तं जीभ उचलत नाई."

चौतीस वर्षं मी समजत होतो की या बाईला कशाचीच भीती नाही. शेवटी मी खरं तेच सांगितलं. आई जेवत नाही. कानातलं काढून दिलं. तुम्ही ताई म्हणालात म्हणून.

सासूबाईंचे हात थांबले. "ताई म्हटलं म्हनून?"

"हो."

"बाप्पा!" त्या म्हणाल्या. मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं, डोळ्यांना पदर लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग नाक पुसलं आणि माझ्याकडं वर पाहिलं. "जवाईबापू, पाय बरा हाय काय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नावर चिडलो नाही. म्हणालो, "थोडा दुखतो, मामी."

"मंग थांबा जरा. कपडे बदलून येतो."

त्या आत गेल्या आणि ती साडी नेसून आल्या. पांढरी, निळ्या काठाची, घडीच्या रेघा तशाच उमटलेल्या. मेहुणा गल्ल्यावरून ओरडला, "माय, कोन गेलं?" "कोनी नाई गेलं, तेच तं," असं म्हणत त्या रस्त्याकडं चालू लागल्या. हा उपाय माझ्या हिशेबाबाहेरचा होता. बसमध्ये दोनदा वाटलं त्यांना थांबवावं. पण आज काही शिकवायचं नाही, असं मला बजावलेलं होतं.

घरी आलो. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. सासूबाई खाटेपाशी गेल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "इहीनबाई, उठा नाई तं जा, काई तरी एक करा. पाच वर्स झाले साडी ठेवून, कापडाले कसर लागून राह्यली. वाट पाहू पाहू थकली. आज नेसूनच आली, म्हटलं, हिच्या भरवशावर राह्यली तं माही नेसायची राहून जाईन."

मी खिशातली जिभेखाली ठेवायची गोळी चाचपली.

आईनं मान वळवली. साडीकडं पाहिलं. काठापासून पदरापर्यंत अगदी सावकाश. मग म्हणाली, "निरी वाकडी हाय."

"माह्या वयाले तुम्ही नेसून दाखवा."

"माह्या मयतीले अशी वाकडी निरी घेऊन येनार होत्या? लोक मले हसले असते."

आणि ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकला, मग पुन्हा हसू. सासूबाई खाटेच्या कडेवर बसल्या आणि दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून हसत राहिल्या. त्यातच रडत होत्या, पण ते वेगळं करून सांगता येणार नाही. मी गोळी हातात धरून उभा. बायकोनं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

हसणं ओसरल्यावर आई म्हणाली, "माही इस्त्री पाहा, मंग बोला." पाय खाली टाकले, खाटेची कड धरली आणि उठली. मी पुढं झालो तर हात झटकला. सहा पावलं होती खाटेपासून ट्रंकेपर्यंत. मी मोजली. आठ दिवसांत ती पहिल्यांदा एवढी चालली, आणि ती आपली साडी विहिणीच्या साडीहून नीट ठेवलेली आहे, हे दाखवायला. मग म्हणाली, भूक लागली, आणि वरण अळणी केलं तर बघा.

"डॉक्टरनं मीठ कमी सांगितलं," बायको म्हणाली.

"डाक्टर तुह्या मायसारखाच, त्याले सैपाक येत नाई."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, काय बदललं? मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, मी आनंदात ठेवा म्हटलं होतं, काचेत ठेवा नव्हतं म्हटलं. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे. पण चूक माझीच होती, आणि ती आमच्याच घरात होण्यासारखी होती. ज्या घरात माया शिव्यांतून चालते, तिथं मी गोडवा आणून सगळ्यांना परकं केलं. साडी काढून ठेवली आहे, असं म्हणणाऱ्या बाईला समोरची जायला नको असते. तिचं म्हणणं एवढंच, की आहेस ना अजून?

त्यानंतर तीन वर्षं आई चालत राहिली, आधी घरात, मग अंगणात, मग सुनेचा हात धरून पौर्णिमेला विहारापर्यंत. महिन्यातून एकदा जामहून विहीण यायची. सासूबाईंची साडी पुन्हा धुऊन इस्त्री होऊन ट्रंकेत गेली होती. ती पुन्हा नेसायची वेळ त्यांच्यावर आली नाही. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सासूबाई बाजेवरून उठल्याच नाहीत. आजार नाही, दवाखाना नाही.

पुण्यानुमोदनाला आई निळ्या काठाची साडी नेसून आली. घडी तिनं स्वतः मोडली. बायकोला निऱ्या तीनदा करायला लावल्या, सरळ येईपर्यंत. जामला सगळी वंदना होईस्तोवर ती ताठ बसली. फोटोसमोर फूल ठेवताना काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही. सासूबाईंच्या ट्रंकेतली ती दुसरी साडी मेहुण्यानं तिच्या हातात दिली. तिनं ती मांडीवर ठेवली आणि गाडीत सबंध रस्ता ती धरून बसली.

मग ते पुन्हा सुरू झालं. भिंतीकडं तोंड. अर्धी भाकरी. दारापर्यंत चालणं आणि परत. या वेळी घरात कुणी गोड बोलत नव्हतं, बायको मुद्दाम वाद घालत होती, पण आई उत्तर देईना. मी ओळखलं. डायरी काढली नाही.

आठव्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी उभा राहिलो. मला थट्टा करता येत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईसमोर त्रेसष्टाव्या वर्षी मी ते पहिल्यांदा करणार होतो. बोलायचं ते मी आदल्या दिवसापासून घोकत होतो.

"आई," मी म्हणालो, "माह्यापाशी पांढरा सदरा हाय. इस्त्रीले टाकू काय?"

तिनं मान वळवली. माझ्याकडं खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, घात झाला.

"तुले जमत नाई," ती म्हणाली. "तोंड पाह्य कसं केलं, परीक्षेले बसल्यासारखं." ओठाचा एक कोपरा हलला. "पन टाक. टाक इस्त्रीले."

मी सदरा खरंच इस्त्रीला टाकला. तो आता माझ्या कपाटात हँगरवर आहे, इतर कपड्यांपासून वेगळा. आई रोज सकाळी दोन खोल्या चालून कपाटापर्यंत येते, दार उघडते, कॉलर चिमटीत धरून बघते.

"कसर तं नाई ना लागली?" विचारते.

"नाही," मी म्हणतो. "तुझी वाट पाहून राह्यला."